फूल मागावं, मूळ मागू नये

दुपारचं जेवण झाल्यावर सगुणाबाई मागच्या पडवीत आडव्या होतात. झोपायला नव्हे. दुपारची झोप हे आळशांचं काम, असं त्या सुनेला येता-जाता ऐकवत आल्यात. नुसती पाठ टेकायची, एवढंच. भाद्रपदातली भुरभुर चालू आहे, पागोळ्या एका चालीत पडतायत, आणि परसात न्हाणीच्या पाटाशी सोनटक्क्याचं बेट पाण्याने जड होऊन झुकलंय. पापणी मिटते न मिटते तोच बाहेर मातीत काहीतरी थपकन आपटतं. गड्ड्याची माती झाडल्यासारखं.

माझ्या बेटाला हात लावायची कोणाची छाती झाली, असं म्हणत त्या उठतात. उठताना कंबर कुरकुरत नाही. तिथेच त्यांना कळायला हवं.

पाटाच्या कडेला मथू बसली आहे. त्यांची धाकटी जाऊ. जाऊन चार वर्षं झाली तिला. पाय पाण्यात सोडलेत, ओटीत मातीने भरलेले गड्डे आहेत आणि ती ते अंगठ्याने हळूच मोडून वेगळे करते आहे, भाकरी मोडावी तसे.

"वैनी, मधे टक्कल पडलंय हो तुमच्या बेटाला," ती मान वर न करता म्हणते. "तीन वर्षांनी उकरून विरळ केलं नाही की असंच होतं."

मला शिकवतेस, असं सगुणाबाईंच्या तोंडावर येतं. पण ही मेलेली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, आणि मेलेलं माणूस परसात रोज येऊन बसत नाही हेही. तेव्हा बोलायचं ते आत्ताच. चार वर्षं घशात अडकलेलं एक वाक्य आहे, तेवढं बाहेर काढलं की झालं.

ते वाक्य असं. या सोनटक्क्याचा साऱ्या वाडीत बोलबाला. गौरी आल्या की बायका फुलं मागायला यायच्या, सगुणाबाई ओंजळ भरून द्यायच्या. पण गड्डा मागितला की तोंड फिरवायच्या. फूल मागावं, मूळ मागू नये. मथू लग्न होऊन आली ती घाटावरच्या कोरड्या गावातून. तिने कधी सोनटक्का पाहिला नव्हता. पण हात असा, की तिने टोचलेली काडीसुद्धा धरायची. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, हात असावा तर आमच्या मथूचा. सगुणाबाईंना ते भाकरीतल्या खड्यासारखं लागायचं. मथूने गड्डा मागितला तेव्हा त्यांनी हसत दिला. दिला तो कोळिंजनाचा, घसा बसला की चघळतात त्याचा. पानं हुबेहूब तशीच, उंची तशीच, फक्त त्या फुलाला ना रूप ना वास. एवढं एक तरी हिच्या हाताने फुलू नये, इतकंच मनात होतं. यत्ता दुसरीपर्यंत शिकलेल्या बाईला याहून लांबचं कुठलं दिसायला.

मथूने तो आपल्या खोलीमागे लावला. सकाळचं ऊन लागेल, दुपारी फणसाची सावली पडेल, अशी जागा बघून. तांदळाचं धुवण घातलं, शेणखत घातलं, उन्हाळ्यात पायाशी पाला अंथरला. दरसाल विचारायची, वैनी, यंदा फुलेल ना? आणि दरसाल सगुणाबाई म्हणायच्या, तुझ्या हाताला गुण नाही.

मथूला मूलबाळ नव्हतं. तिने ते बोलणं झाडापुरतं घेतलं नाही.

"मथू," सगुणाबाई पाटाशी उकिडव्या बसतात. तो सोनटक्का नव्हता, असं सांगायला तोंड उघडतात. आणि स्वतःचाच खणखणीत आवाज ऐकतात. "हाताला गुण नसेल तर देवाचं झाडसुद्धा रुसतं."

त्या तोंडावर हात ठेवतात. मथू मान डोलावते, आधी डोलवायची तशीच.

पाट आता माजघरातून वाहतो आहे. कोणी तो आत वळवला, हे विचारायचं सगुणाबाईंना सुचत नाही. पाळणा टांगलेला आहे, बायका दाटीने बसल्यात, त्यांच्या पायाखालून पाणी जातंय आणि कोणी पाय वर घेत नाही. नातवाचं बारसं. या दिवशी मथूने बाळाला हातात घेतलं नव्हतं. माझा हात नको, म्हणाली होती, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून दाराशी उभी राहिली होती. आत्ताही तशीच उभी आहे.

सगुणाबाई पाळण्यातून कुंची उचलतात. घे गं, असं म्हणायचं आहे त्यांना. घे, तुझ्याच हाताचा आहे समज. त्या कुंची पुढे करतात. तोंडातून निघतं, "तू लांबच बरी."

कुंची हलकी लागते. आत बघतात तर बाळ नाही, गड्डा आहे. ओला, तांबूस, मुळं लोंबणारा. बायका ओव्या म्हणत राहतात. सगुणाबाई गड्डा परत गुंडाळू बघतात, पण बोटांना ते जमत नाही. आयुष्यभर साऱ्या घराला त्यांनी या बोटांवर नाचवलं, आणि आज एक कुंची बांधता येईना.

"राहू दे वैनी," मथू म्हणते. ती खाटेवर आहे. भिंती हिरवट, खाटा ओळीने, रत्नागिरीच्या इस्पितळातल्या. खाटांचे पाय पाण्यात बुडालेत आणि दोन खाटांच्या मधून कोळिंजनाची लांब पानं छतापर्यंत गेलीत. सलाईनची नळी एका देठाला गुंडाळली आहे. देठाच्या टोकाला बारीक, फिकट फुलं आली आहेत. सगुणाबाई नाक जवळ नेतात. कशाचाच वास नाही.

या खाटेवर तिने शेवटचं विचारलं होतं, यंदा फुलेल ना. सगुणाबाईंना ते सांगून टाकायचं होतं त्या दिवशी, खरंच टाकायचं होतं. सांगितलं काय, तर पाणी घालत जा. उठून बसता न येणाऱ्या बाईला.

"यंदा फुलेल ना, वैनी?" मथू विचारते.

सगुणाबाई दातांवर दात दाबून धरतात. तोंड उघडलं की पुन्हा तेच निघणार. जीभ आत वळवळते आहे, एखाद्या द्वाड गुरासारखी, दावं तोडायला बघते आहे. साऱ्या वाडीला जिची धास्ती ती जीभ, आणि ती मालकिणीचं ऐकेना. डोळ्यांतून पाणी येतं. ते खालच्या पाण्यात पडतं, त्याचाही आवाज होत नाही.

मथू त्यांच्याकडे बघत राहते. मग ओटीतला एक गड्डा घेते, नखाने साल काढते, बोटाच्या पेराएवढा तुकडा मोडते आणि सगुणाबाईंच्या ओठांशी धरते.

"चघळा. घसा मोकळा होतो याने. मी कितीतरी वर्षं चघळत होते."

सगुणाबाई तिच्याकडे बघतात. सोनटक्का कोणी घशासाठी चघळत नाही.

"कधीपासून?" त्यांच्या तोंडातून पहिल्यांदाच त्यांना हवा तो शब्द निघतो.

"पहिला गड्डा मोडला तेव्हाच. वासावरून." मथू हात पाण्यात बुचकळते. "पण मी विचारायची ते तेवढ्यासाठी नव्हतं, वैनी. तुम्ही कधीतरी वेगळं काही म्हणाल, म्हणून विचारायची."

तुकडा जिभेवर जळतो. चावतात तशी आग घशात उतरते, आतलं सगळं सैल होतं, आणि ते वाक्य वर येतं. साबूत, धडधडीत. सगुणाबाई तोंड उघडतात.

पागोळ्या पडतायत. पडवी. कांबळं. परसात पाटाच्या कडेला कोणी नाही.

"ते कोळिंजन होतं, मथू," सगुणाबाई म्हणतात. आवाज सनईसारखा स्वच्छ लागतो. "मी मुद्दाम दिलं. तुझ्या हातात काही कमी नव्हतं."

भुरभुर तशीच चालू राहते. एक कोंबडी अंग झाडते आणि पडवीच्या कडेला सरकते.

वृंदा, त्यांची सून, चहाचा कप घेऊन दारात उभी असते. मला काही म्हणालात का, विचारते.

"तुला कशाला म्हणेन?"

वृंदा कप खाली ठेवते. सासूबाई जिभेने गालात काहीतरी शोधतायत असं तिला दिसतं. मग त्या दोन बोटं तोंडात घालतात आणि एक लांब, तांबूस, चावून मऊ झालेली शीर ओढून काढतात. तळहातावर ठेवतात. तिचा तिखट वास वृंदापर्यंत येतो.

"हे काय, आई?"

"काही नाही," सगुणाबाई मूठ मिटतात. "दातात अडकलं होतं."

वृंदा आधी त्यांच्याकडे बघते, मग खिडकीतल्या वाटीकडे. वाटीत, पाण्यात, सासूबाईंचे दात असतात. सगळे.