आईची मिश्री आणि माझे पुढचे दोन दात

ब्रश केला की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून मी ब्रश करणं सोडलं.

उल्हासनगरच्या दवाखान्यात खुर्चीवर आडवा असताना, तोंडात आरसा घेऊन, मी हे डॉक्टरीणबाईंना बोबड्या उच्चारात सांगितलं. बाई सिंधी. मराठी सगळं समजतं, पण रागावल्या की हिंदीवर जातात. त्यांनी आरसा बाहेर काढला. मास्क खाली केला.

"काका, घर में कचरा दिखा तो आपने झाड़ू ही फेंक दी?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. वरचे पुढचे दोन दात त्यांनी हत्याराच्या दांड्याने ढकलून पाहिले. कडी तुटलेल्या फाटकासारखे ते पुढेमागे झाले. "ये दो नहीं बचेंगे. पेरिओडोंटायटिस है."

पेरिओडोंटायटिस म्हणजे हिरडीची सूज आत उतरून दाताला धरणारं हाडच झिजणं. त्याच्या आधीची पायरी जिंजिवायटिस. त्यात फक्त हिरडी सुजते, लाल होते, रक्त येतं, आणि वेळेवर साफसफाई केली तर ती पूर्ण बरी होते. त्या पायरीवर मी चांगलं वर्षभर ठाण मांडून बसलो होतो. तिथून परत फिरायचं सोडून खाली उतरलो, तेही स्वतःला शहाणा समजत.

मी आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मॅडम, क्लॅरिनेट वाजवता येईल ना?"

मी मोरिवली गावचा. दिवसा कंपनीत फिटर, लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट. हे वाद्य वाजवताना वरचे पुढचे दात त्याच्या तोंडावर टेकवावे लागतात. सगळा सूर त्या दोन दातांच्या आधारावर. आणि माझ्या मुलीची, रोहिणीची हळद दोन महिन्यांवर आली होती. आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. ती फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून मी तिला सांगत आलो होतो, तुझ्या हळदीला क्लॅरिनेट मीच वाजवणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

"दो महीने?" बाई म्हणाल्या. "काका, दो साल पहले आना था."

दोन वर्षांपूर्वी मी काय करत होतो ते सांगतो. तुमच्यापैकी कुणी आज तेच करत असेल.

सकाळी थुंकी गुलाबी दिसायची. मी म्हटलं, उष्णता. गुलकंद खाल्ला, सब्जा प्यायलो. पेरू चावला की पेरूवर लाल डाग. मी म्हटलं, पेरू कडक आहे. तोंडाला वास यायला लागला. ताशेवाला बाळाराम माझा लहानपणापासूनचा दोस्त, तो बँडमध्ये माझ्या शेजारून उठून ढोलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, याचा माझ्या सुरावर जळफळाट होतोय.

मग ब्रश सोडला आणि आईची मिश्रीची डबी हाती लागली. मिश्री म्हणजे तव्यावर करपेपर्यंत भाजून कुटलेला तंबाखू. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ती बोटाने हिरड्यांना घासतात. आई सकाळी ओटीवर बसून तासभर लावायची आणि तिची दातांची तक्रार कधी ऐकू यायची नाही. मी गुपचूप दोन बोटं लावली. डोकं गरगरलं, पण दुसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं!

मला वाटलं, शोध लागला. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मी उपदेश सुरू केला. डॉक्टरांकडे जाऊ नका, मिश्री लावा. दोघांनी ऐकलं. त्यांच्या तोंडात आज काय चाललंय ते विचारायची माझी हिंमत नाही.

खरं काय होतं ते बाईंनी सांगितलं. तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. रक्त दिसत नाही, सूज आत चालूच राहते. कंपनीत आग लागल्याचा भोंगा वाजावा आणि मी त्याची वायर कापून टाकावी, तसला प्रकार. फिटर माणूस, वायर कापायला मला किती वेळ?

पुढे क्लॅरिनेट चिरकायला लागलं. मी त्याच्या तोंडावरची, सूर काढणारी पत्ती बदलली. मग वाद्याचं तोंड बदललं. मग वाद्यालाच शिव्या दिल्या. दोन दातांत फट पडून ते पुढे सरकलेत हे आरशात रोज दिसत होतं. पण आरशात मी मिशी बघायचो.

बाईंनी एक्स-रे काढला. त्यात दातांच्या मुळांभोवती हाड जिथे असायला हवं तिथे काळोख होता. मग एका बोथट सुईसारख्या मोजपट्टीने प्रत्येक हिरडी मोजली. हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल कप्पा तयार होतो, त्याला पॉकेट म्हणतात. त्या आकडे बोलत होत्या, मदतनीस बाई लिहून घेत होत्या, आणि बाहेरच्या बाकावरचे सगळे पेशंट माझा निकाल ऐकत होते.

शुगर तपासायला सांगितली, कारण मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात. रिपोर्ट नॉर्मल आला. मी तो मिरवत घेऊन गेलो. बाईंनी वाचला आणि परत दिला. "मतलब ये सब आपका खुद का किया हुआ है."

स्केलिंग झालं, म्हणजे दातांवरचा दगडासारखा थर मशीनने फोडून काढणं. मग चार खेपा रूट प्लेनिंग, म्हणजे जागा बधिर करून हिरडीखालची मुळं खरवडणं. मिश्री बंद केली तर रक्त पुन्हा सुरू झालं. मी घाबरून धावत गेलो. "अब सच दिख रहा है," बाई म्हणाल्या, "घासते रहो." मऊ ब्रश, हिरडीच्या कडेवर तिरपा धरून, दोन वेळा, हळू. दातांच्या फटींत बारीक ब्रश. नुसत्या चुळांनी काही होत नाही. तीन आठवड्यांनी थुंकी पांढरी झाली, आणि या वेळी ती खरी पांढरी होती.

पण ते दोन दात गेले. काढताना मुळीच दुखलं नाही. त्यांना धरायला काही उरलंच नव्हतं.

घरी आलो तर आई ओटीवर डबी उघडून बसलेली. मी चिडून म्हटलं, "आई, तुझ्या मिश्रीने माझं वाटोळं केलं." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोंड उघडून दाखवलं. आत एकही दात नव्हता. तिशीपासूनच पडत गेले होते. "मना दातच नाय, त दुखंल काय? तू कोनाचा बघून लावलास?"

पन्नास वर्षं मी त्या तोंडाशेजारी जेवलो होतो.

बाईंनी काढता-घालता येणारे तात्पुरते दात दिले. ते लावून मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं. पहिल्याच फुंकीला दातांची पट्टी सुटून जिभेवर आली. रोहिणी दारात उभी होती. "राहू दे ना, बाबा," म्हणाली आणि आत गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं.

हळदीला खरवई गावचा एक पोरगेलासा वादक आणला. वाजवलं त्याने चांगलं, हेच जास्त झोंबलं. रोहिणीला हळद लागत होती आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून, ओठ मिटून उभा होतो. तिने दोनदा बँडकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मला जिंजिवायटिस झाला तेव्हा माझ्या हिरडीने मला रोज सकाळी सांगितलं होतं. तुमची सांगत असेल तर दातांच्या डॉक्टरकडे जा. बाईंचे उपकार एवढेच की बाकीचे दात आहेत, आणि दर तीन महिन्यांनी मी ते दाखवायला जातो.

त्या दिवशी हळदीत बँडचं वाजवणं थांबलं तसा बाळाराम ताशा गळ्यात घेऊन माझ्याजवळ आला. आमच्या बँडमध्ये ज्याला काहीच येत नाही त्याला हलवायला खुळखुळा देतात. तो त्याने माझ्या हातात कोंबला.

"दादा, आता ह्योच घे. याला दात नाय लागत, न अक्कल पन नाय लागत."