दसरूभाऊंच्या हातातला कागद

दसरूभाऊ गेल्याचं मला शाळेत कळलं. वरोऱ्याला दुसरा तास चालू असताना मुख्याध्यापकांनी ऑफिसात बोलावलं. फोनवर माझे वडील होते. "आपला हिरो गेला गा," एवढंच ते म्हणाले. मिळेल त्या गाडीनं मी गावी पोचलो, तेव्हा माती व्हायची बाकी होती, पण बसस्टँडवर फ्लेक्स लागून गेला होता. 'जनतेचा आवाज हरपला.' त्यावर दसरूभाऊंचा फोटो वहीच्या पानाएवढा आणि त्यांच्या बाजूला हात जोडून उभे असलेले कामगार समितीचे माजी अध्यक्ष कमानीएवढे. ज्या गावानं या माणसाला इतकी वर्षं 'विकला गेला' म्हटलं, त्याच गावाला आता त्याचा आवाज आठवत होता. या गोष्टीला दीड महिना झाला. राग उतरेल म्हणून वाट पाहिली. उतरला नाही, म्हणून लिहितो आहे.

दसरूभाऊ जातीनं ढिवर. सकाळी तलावात जाळं टाकायचं आणि हिवाळ्यात नाटकात काम करायचं, हे त्यांचं आयुष्य. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की नाटकं सुरू होतात. रोज नवं गाव आणि पुष्कळदा रोज नवं नाटक, त्यामुळे पाठांतराला कोणाला वेळ नसतो. पडद्यामागे पुस्तक घेऊन बसलेला प्रॉम्टर वाक्य पुरवतो, नट ते उचलतो आणि त्यात जीव ओततो. यात कोणाला कमीपणा वाटत नाही. चार हंगाम मी दसरूभाऊंचा प्रॉम्टर होतो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि माझ्या शेवटच्या वर्षाचा खर्च त्याच कामावर निघाला. ते मला कौतुकानं आणि थोडं चिडवायला 'बीए' म्हणायचे. दुपारी तलावाच्या पाळीवर बसून मी वाचायचो, ते जाळं विणता विणता ऐकायचे. लांबलचक वाक्य आलं की हात थांबायचा. "का गा बीए, हे लेहणाऱ्याले दम लागत नव्हता का? तोड त्याले मधातून." एकदा ऐकलेलं पान ते दुसऱ्या वेळी माझ्याआधी म्हणून दाखवायचे. कारण त्यांना दुसरा मार्गच नव्हता. दसरूभाऊंना अक्षर येत नव्हतं. झोकदार सही तेवढी शिकून घेतली होती. हे त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना माहीत होतं आणि मला. सगळेच नट प्रॉम्टरवर चालतात तिथे कोणाला संशय येणार?

नव्वदीच्या शेवटी शेवटी गावाबाहेरचा लाकडाचा कारखाना बंद पडला. एका सकाळी कामगार गेले तर फाटकाला कुलूप. माझे वडीलही त्यांतच. गावातल्या किराणा दुकानापासून सायकलवाल्यापर्यंत सगळ्यांचे हात त्या एका कुलपानं बांधले गेले. लोक मुलांची नावं शाळेतून काढायला लागले. त्या हिवाळ्यात दसरूभाऊ एका नाटकात कारखान्याच्या कामगाराचं काम करत होते. फाटकासमोर उभं राहून ते मालकाला म्हणायचे, "कुलूप तुमचं असेल शेठ, पण किल्लीचे घट्टे आमच्या तळहातावर आहेत!" वाक्य भडक आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते ऐकून माझे वडील रडले होते. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, रोजगार हमीच्या कामावर, नदीच्या घाटावर माणसं तेच वाक्य एकमेकांना म्हणून दाखवत होती. तरणी पोरं त्यांच्यासारखा मनगटाला दुपट्टा गुंडाळून फिरू लागली. आणि नाटक संपलं की दसरूभाऊ पडद्यापुढे येऊन स्वतःचं एक वाक्य बोलायचे, ज्याला माझी गरज लागत नसे. "कारखाना बंद हाये, शाळा चालू हाये. पोट्ट्यायले काहाडू नोका." माझ्या बहिणीचं नाव वडिलांनी काढलं होतं. ते स्वतः जाऊन पुन्हा घालून आले. आज ती नर्स आहे.

मग लोकांनी एक चूक केली. मॅनेजर बोलणी करायला तयार झाला, तेव्हा समितीनं ठरवलं की आत जायचं ते दसरूभाऊंनी. रंगमंचावर मालकाला गप्प करणारा माणूस खऱ्या मालकाच्या माणसालाही गप्प करील, असं सगळ्यांना वाटलं. माझ्या वडिलांना वाटलं, मलाही वाटलं. नेमकी त्याच दिवशी माझी वरोऱ्याच्या शाळेत मुलाखत होती. मी म्हटलं, थांबतो, तुमच्या मागे उभा राहतो. ते हसले. "नाटक थोडीच हाये? जाय तू. नोकरी घेऊन ये." मी गेलो… मला नोकरी मिळाली.

इकडे भर दुपारी फाटकाबाहेर सगळं गाव जमलं होतं. मॅनेजरनं दोन शब्द बोलून दसरूभाऊंच्या हातात एक टाइप केलेला कागद दिला आणि म्हणाला, तुम्हीच वाचून दाखवा तुमच्या लोकांना. दसरूभाऊ बाहेर आले. एका हातात माइक, दुसऱ्या हातात कागद. वहिनी गर्दीत होत्या. त्या सांगतात, लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग शिट्ट्या, मग सगळे शांत झाले. दसरूभाऊंनी कागदाकडे बघितलं, मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. शेवटी त्यांनी कागद समितीच्या अध्यक्षांकडे दिला. अध्यक्षांनी तो पूर्ण वाचला, मनातल्या मनात. घडी करून खिशात घातला आणि माइकवर म्हणाले, बोलणी चालू आहेत, शांततेनं घरी जा. आठवड्याभरात यंत्रं ट्रकांवर चढून दुसऱ्या राज्यात गेली. कागदात तेच लिहिलं होतं. हे उघड झालं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "हिरोनं वाचला होता ना कागद. तो काऊन नाई बोलला, त्याले विचारा."

कोणी विचारलं नाही. विकला गेला, असं ठरवून टाकलं. पुढच्या हिवाळ्यात एकाही नाटक मंडळानं त्यांना बोलावलं नाही. आठवडी बाजारात त्यांच्या मासोळीच्या टोपलीपुढे उभं राहून लोक विचारायचे, "का गा हिरो, शेठनं किती देल्ले?" ते मान खाली घालून मासोळी तोलायचे.

त्या दिवसांत मी एकदा त्यांच्यावर ओरडलो. म्हटलं, मी चौकात जाऊन सांगतो की तुम्हाला वाचता येत नाही. ते जाळं धुवत होते.

"कागद उलटा होता का सुलटा, तेबी समजलं नाई मले," ते म्हणाले. "पण सांगशीन नोको. हिरो बिनशाळेचा हाये म्हणून समजलं, तं पोट्टे म्हणतीन शाळा कायले पाह्यजे. आत्ता कुठी जाऊन राह्यले ते."

"आणि तुम्हाला चोर म्हणतात ते?"

"म्हणू दे. चोर पाहून कोणी शाळा सोडत नाई."

मी वचन दिलं आणि पाळलं. खरं सांगायचं तर ते पाळणं मला सोयीचंही होतं, कारण खरं सांगायचं म्हणजे त्या दुपारी मी कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं. पगार, पक्कं घर, 'सर' म्हणून मिळणारा मान, हे सगळं मी त्यांच्या बदनामीच्या आडोशाला बसून खाल्लं. अध्यक्षांचा राग येतो तेव्हा स्वतःचाही येतो.

शोकसभेत अध्यक्ष बोलायला उठले. भाषण लिहून आणलं होतं. छान वाचलं त्यांनी, एकही अक्षर न अडखळता. मी अर्ध्यातून उठलो आणि वहिनींकडे गेलो. म्हटलं, मला आता गप्प बसवत नाही. त्या सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या, "ज्यायच्यासाठी लपवलं ते पोट्टे शिकून मोठे झाले. आता लेहून टाक."

लिहिलं आहे. हे छापून येईल त्या रविवारी मी गावी जाणार आहे. वहिनींना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या ओट्यावर बसून हे वाचून दाखवायचं ठरलं आहे. समोरच्या ओट्यावर अध्यक्ष रोज सकाळी चहा घेत बसतात. मी विचारलं, आत घरात बसून वाचू का?

"आत कायले?" वहिनी म्हणाल्या. "भायेरच वाच. अन् जोरात वाचजो."