देविदासचा दुसरा फ्रीजर

सीएच्या ऑफिसाबाहेरच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलं की किस्से आपोआप जमतात, कूलरच्या जाळीत धूळ जमते तसे. मी पुरानी बस्तीत कूलर बनवतो. चार महिने धंदा, बाकी वर्ष कुलूप. शंकर नगरच्या त्या बाकावर सगळे माह्यासारखेच, हंगामी.

*

सीए म्हणजे निखिल. पोट्टा आपलाच, पण मराठीत विचारा, उत्तर हिंदीत. मी पत्रा कापायची नवी मशीन घेतली. मशीन झिजते म्हणून टॅक्समधी सूट भेटते, त्याले घसारा म्हणतात. निखिल म्हणे, "काका, पहले साल छह महीने से कम चली, तो आधा ही मिलेगा."

"काहून? बंद मशीनले गंज लागत नाही काय?"

"गंज का सेक्शन नहीं है, काका!"

*

गुलाबभाऊचा लग्नाचा बँड. नवा ढोल पावसाळ्यातच घेतला, पण वऱ्हाडापुढं वाजला डिसेंबरात.

"माहा पोट्टा जुलैपासून घरी बडवून राहिला! शेजारी साक्षीले आणू?"

"घर का नहीं चलता, भैया. धंधे में बजना चाहिए."

गुलाबभाऊ दिवसभर शिव्या देत होता. अर्ध्या मले!

*

देविदास आमच्याच पाऱ्यातला, म्हणजे मोहल्ल्यातला. उन्हाळ्यात मुडदा ठेवायचा फ्रीजर भाड्यानं देतो. थंडीत कोणी विचारत नाही. मागच्या सप्टेंबरात दुसरा घेतला. निखिल म्हणे, "अक्टूबर लगने से पहले एक बार किराये पे गया, तो मार्च तक छह महीने हो जाएँगे, पूरा मिलेगा."

देविदासच्या बायकोले, कमलाबाईले, दमा. पूर्ण सूट भेटली तर तिच्यासाठी वाफेची मशीन घ्यायची, असं त्यानं ठरवलेलं.

"म्हणजे मी आता कोण मरते ते पाहू?" त्यानं विचारलं.

निखिलनं पुढच्याची फाईल ओढली.

*

अन् देविदास खरंच पाहू लागला! ज्याले खोकला, त्याच्या दारात हजर. पानठेल्यावर त्याले पाहून लोक खोकला गिळू लागले. माह्याकडंही आला.

"कसं वाटून राहिलं, भाऊ?"

"तुह्या फ्रीजरात मावत नाही मी. चाल, निघ!"

*

फ्रीजर अंगणात, प्लास्टिकसकट. कमलाबाई त्याच्यावर बसून लसूण सोलायची.

"ऊठ वो! प्लास्टिक फाटन!"

"बसू द्या ना जी. तेवढाच झिजन!"

आम्ही हसलो. ती हसली अन् तिले खोकल्याची उबळ आली. देविदास पाणी आणाले धावला.

*

सप्टेंबर सरता सरता कमलाबाई गेली. पोरगी दूर, यायले दुसरा दिवस उजाडणार होता. देविदासनं नव्या फ्रीजरचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं फाडलं. आम्ही कोणी पुढं झालो नाही. त्यानं होऊ दिलं नाही.

*

उन्हाळ्यात हिशेबाले देविदास अन् मी पुन्हा त्याच बाकावर. निखिलले कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्हाले आत बोलावून तो कॉम्प्युटरमधी डोकं घालून देविदासले म्हणे, "काका, वो दूसरा फ्रीजर अक्टूबर से पहले लगा क्या?"

"हव. लागला."

"बढ़िया! किसके यहाँ?"

"घरीच."

निखिलची बोटं थांबली. त्यानं देविदासकडं पाहिलं, मंग माह्याकडं. मी मान खाली घातली. पोट्टा पहिल्यांदा मराठीत बोलला.

"काका, मी पूर्ण लिहितो."

"नाही," देविदास म्हणाला. "घरचं चालत नाही, तूच म्हणतो ना. अर्धंच लिव."