मागच्या पोर्टातलं कुंकू

आधीच सांगतो, असले अनुभव सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसणारा माणूस. कराडला स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. लोक म्हणतात, “मशीनला कुणाची तरी नजर लागली.” मी म्हणतो, “नजर नाही हो, धूळ लागली.” त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण लिहितो.

आष्ट्याला माझं एक जुनं गिऱ्हाईक होतं — विलासदादा. लग्नाचं शूटिंग करायचा. गेल्या हिवाळ्यात हायवेवर अपघातात गेला, मोबाईलचाही चुरा झाला. पुढे त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा फोन आला. “भावजी, ह्यांचा आवाज कुठंच न्हाई माज्याकडं. जन्मभर लोकांची लग्नं काढत हिंडले, सोता कशात न्हाईत. दसऱ्याला पूजा करताना तेवढं सोताचं शूटिंग केलतं. त्या डबीत हाय, पण डबी कॉम्प्युटरला लागंना.” दीर सोमवारी घरातला स्टुडिओ रिकामा करून सगळं भंगारात घालणार होता. म्हणून रविवारी दुपारी जेवून बाईकवरून आष्ट्याला गेलो.

डबी म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क. माझ्या लॅपटॉपला लावली तर नुसती टक्-टक् करून गप्प. दादाचा कॉम्प्युटर बाबा आदमच्या काळातला, विंडोज एक्सपीवाला. त्याच्या पुढच्या यूएसबी पोर्टला लावली — “डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड”. यात नवल काही नाही. जुन्या कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला करंट कमी पडतो, डिस्क फिरायला पुरत नाही. ती मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टलाच लावायची. कॅबिनेट फिरवलं, टॉर्च मारला, तर मागची पोर्टं कुंकवाने बुजलेली!

दर दसऱ्याला हेच. आपले लोक कॉम्प्युटरची पूजा करतात आणि हात सैल सोडून हळदीकुंकू वाहतात, ते थेट पोर्टात. “शंभरदा सांगितलं होतं दादाला, मॉनिटरला टिळा लाव आणि थांब,” मी वैतागून म्हणालो. वहिनी जरा हसल्या.

ब्रश आणि स्पिरिटने पोर्ट लख्ख केलं. डिस्क लावली. टुडुंग — लागली! फोल्डर उघडतोय तोच परत गेली. वायर उपसली तर पिन लाल. आणि ओली. वास घेतला, कुंकूच. टॉर्च मारला तर पोर्ट पुन्हा भरलेलं.

पुन्हा साफ केलं. पुन्हा तेच. मी घाबरलो की चिडतो. “वहिनी, घरातलं कुंकू इथं कुठं सांडलंय का, ते बघा आधी!”

“घरात कुंकू कुठलं आता?” त्या शांतपणे म्हणाल्या. “करंडा जावेनं तवाच उचलून न्हेला.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून पुन्हा पोर्ट पुसलं, वायर लावली. वहिनींनी खुर्ची ओढली, शेजारी बसल्या आणि कॅबिनेटवर हात ठेवून, दादाशीच बोलावं तसं म्हणाल्या, “आवं, मी हाय हितं. बघू द्या की.”

टुडुंग. या वेळी डिस्क लागून राहिली.

माझा नियम आहे, आधी कॉपी, मग बघणं. पण वहिनींना दम निघेना. व्हिडिओ लावला. दादा नवा सदरा घालून याच कॉम्प्युटरला कुंकू लावत होता. मग आतल्या दाराकडं वळून म्हणाला, “सुमे, ये की. तुला बी लावतो.”

वहिनी हुंदके द्यायला लागल्या. “मी गेलेच न्हाई हो भावजी. हात कणकेत होते. म्हणलं, काय हे खूळ.”

दादा बराच वेळ दाराकडं बघत राहिला. मग सावकाश कॅमेऱ्याकडं वळला. बोट करंड्यात बुडवलं आणि सरळ आमच्याकडं बघत जवळ जवळ येत गेला. “ये की आता.” सगळा स्क्रीन लाल झाला आणि कॉम्प्युटरच बंद पडला.

मी वहिनींकडं बघितलं. त्यांचे दोन्ही हात पदरात होते. कपाळावर ठसठशीत कुंकू... ओलं.

मी रुमाल पुढं केला. त्यांनी काळ्या मॉनिटरमध्ये स्वतःला बघितलं. “ऱ्हाऊ द्या, भावजी.” त्या अजिबात घाबरल्या नव्हत्या, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

डिस्क घेऊन मी तिथून अक्षरशः पळालो. गुरुवारी कराडला येऊन कॉपी नेते, असं त्या म्हणाल्या होत्या. दुकानातल्या जुन्या मशीनला डिस्क पहिल्या झटक्यात लागली. व्हिडिओ तोच. पण त्यात दादा दाराकडं बघतो, हसतो आणि कॅमेरा बंद करतो. ‘ये की आता’ त्यात नाहीच! पुन्हा पुन्हा बघितला. नाहीच.

बुधवारी संध्याकाळी दिराचा फोन आला. वहिनी आदल्या रात्री झोपेतच गेल्या होत्या.

“एक इचारू का?” तो चाचरत म्हणाला. “रविवारी तुमी आलतासा. वहिनीच्या कपाळाला कुंकू कुणी लावलं? बायकांनी लय घासलं ओ... निघंचना. शेवटी तसंच न्हेलं.”

समोर टेबलावर वहिनींच्या कॉपीचा पेन ड्राइव्ह होता, नावाची चिठ्ठी लावून तयार ठेवलेला. अजून तिथंच आहे. तुमच्यापैकी कुणाकडं याचं उत्तर असलं तर जरूर सांगा, फक्त धूळ होती म्हणू नका.