बर्फाखाली राहिलेला सापळा

ताईचा फोन आला तेव्हा मी भाजी फोडणीला टाकत होते. "केतूची गाडी घसरली," एवढंच ती म्हणाली. मी घाईघाईनं विचारलं, "फार लागलंय का गं?" पलीकडून फक्त फोन ठेवल्याचा आवाज आला... आणि मला कळलं. इकडे आमच्या वेस्ट विंडसरला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. कढईतली भाजी जळून घरभर वास सुटेपर्यंत मी तशीच उभी होते.

केतकी ही माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. मिनेसोटाच्या उत्तरेला एका खेड्यात राहायची आणि हिवाळ्यात बीव्हर पकडायची. हे आमच्या इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना समजावताना माझ्या नाकी नऊ यायचे. बीव्हर म्हणजे झाडं कुरतडून ओढ्यांना बांध घालणारा, दाट केसांचा, पाण्यात राहणारा प्राणी. ओढा गोठला की बर्फाला भोक पाडायचं, लांब दांड्याला बांधून सापळा खाली सोडायचा, प्राणी अडकला की काढायचा, सोलायचा, कातडं विकायचं. ऐकणाऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. कुणाची मुलगी डॉक्टर, कुणाची वकील, आणि आमची ही! मला मात्र तिचं भारी कौतुक होतं. स्वतःच्या मनासारखं जगणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत, आणि त्यातली बरीचशी मला आवडली नाहीत. केतू आवडायची.

एकदा मी तिच्याबरोबर ओढ्यावर गेले होते. हातात लोखंडी पहार घेऊन ती पुढे, तिच्या पावलांवर पाऊल टाकत मी मागे. प्रत्येक पावलाआधी ती पहार बर्फावर आपटायची आणि आवाज ऐकायची. टणक आवाज आला तर पुढे, पोकळ आला तर वळसा. "मावशी, डोन्ट टॉक. मला ऐकू दे," असं तिनं मला दोनदा दटावलं. मला गप्प बसवणारं आमच्या घराण्यात दुसरं कुणी जन्माला आलेलं नाही. त्या दिवशी एका सापळ्यात बीव्हर निघाला. तिनं तो बाहेर काढला, हातमोजा काढून उघड्या हातानं त्याच्या पाठीवरचं पाणी निपटलं. मी विचारलं, "वाईट वाटतं का गं?" ती म्हणाली, "ऑफ कोर्स वाटतं. वाटायलाच पाहिजे ना?"

ताईला हे कधीच पटलं नाही. ती राहते त्या कॅरीहून पहिल्यांदा लेकीकडे गेली ती स्वतःचा कुकर आणि तवा घेऊन. मागच्या शेडमध्ये चौकटींवर ताणून वाळत घातलेली कातडी दिसली, आणि तिथूनच ती मागे फिरली. त्या घरात पाणीही न पिता मोटेलवर राहिली आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसली. भाऊजी आधीच गेलेले, त्यामुळे मायलेकींमध्ये बोलायला उरलं ते फक्त रविवारचं हवामान. "तुमच्याकडे किती थंडी?" "तुमच्याकडे पाऊस?" दोघी एकीपेक्षा एक हट्टी. आणि बर्फ ठोकल्याशिवाय पाऊल न टाकणारी ही मुलगी शेवटी गेली ती डांबरी रस्त्यावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बर्फामुळे. याचा मला अजून संताप येतो. कुणावर काढू?

दहन तिथंच झालं. आम्ही दोघी तिच्या घरी बसलो होतो, तेव्हा शेजारचा अर्ल आला. सत्तरीतला माणूस, केतूला हे काम यानंच शिकवलेलं. टोपी हातात धरून म्हणाला, तिचे सापळे अजून पाण्यात आहेत, ते असे सोडून चालत नाही, मी काढून आणतो. ताई उठली. मला वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण तिनं केतूचा कोट अंगात घातला, केतूचे बूट चढवले आणि म्हणाली, "आय विल कम."

दिवसभर फिरून त्यांनी सापळे काढले. सगळे रिकामे. शेडच्या भिंतीवर प्रत्येक सापळ्याचा एक खिळा होता. अर्ल एकेक अडकवत गेला, आणि शेवटी एक खिळा मोकळा राहिला. सापळ्यांच्या जागा फक्त केतूच्या डोक्यात होत्या; बाकीचे सापडले ते दांडे वर दिसत होते म्हणून. त्या आठवड्यात कंबरभर बर्फ पडलेला, दांडा त्याखाली गाडला गेला असणार. अर्ल म्हणाला, वसंतात बर्फ वितळला की सापडेल. ताई त्या खिळ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "माझी पोर गेली आणि तिचा सापळा तिथं तोंड वासून बसलाय. तिच्या नावावर आता आणखी एक जीव नको गं..."

मी परत आले, ती आली नाही. तिकीट कॅन्सल केलं. आमची ताई, जिला घरासमोरच्या पायऱ्यांवरच्या दवाचीही भीती, रोज अर्लबरोबर ओढ्यावर जाऊ लागली. फोन केला की मागून पहारीचा आवाज यायचा. ठक्... थांबणं... ठक्. "थांब, मला ऐकू दे," ती मला म्हणायची. मी रडायचे आणि गप्प बसायचे.

गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. "सापडला," ती म्हणाली.

"रिकामा ना?"

"नाही."

मग हळूहळू सांगत गेली. दोन दिवस ऊन पडलं, बर्फ खाली बसला, दांड्याचं टोक दिसलं. भोक तिनं स्वतः फोडलं, अर्लला हात लावू दिला नाही. "किती जड होता गं. आणि केस इतके मऊ... उशीर झाला मला." केतू गेल्यापासून ताई त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

तिचं रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, "ताई, झालं आता. मी तिकीट काढते तुझं."

"इतक्यात नको," ती म्हणाली. "अर्लला विचारून विचारून मीच सोलला तो. केतूच्या सापळ्यात आलेला, टाकून कसा देऊ? तिच्याच चौकटीवर ताणून ठेवलंय कातडं. वाळायला वेळ लागतो म्हणे. वाळलं की येते."