आतून लावलेली कडी

ती सकाळ आठवली की आजही हसू येते. मी तेव्हा चिकपेट भागातील एका ठाण्यात उपनिरीक्षक होते. न्यायवैद्यक संशोधनासाठी राजीनामा दिला तो पुढे.

वॉर्ड निवडणुकीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस. अकराच्या सुमारास एका कारखानदाराचे व्यवस्थापक ठाण्यात आले. एका पक्षाच्या स्थानिक अध्यक्षांचे अपहरण झाल्याची त्यांची तक्रार होती. संशय पक्षाच्याच महिला कार्यकर्त्यांवर. बेपत्ता माणसाच्या घरचे मात्र कोणीही आले नव्हते. ही विसंगती मी लक्षात ठेवली.

दैनंदिनीत नोंद करून माहिती काढली. कारखानदार पक्षाचे मोठे देणगीदार; सगळे त्यांना अण्णा म्हणत. कार्यालयाचे भाडे, सभांचे मंडप, सगळे त्यांचेच. उमेदवारी त्यांना भाच्यासाठी हवी होती. अध्यक्षांनी मात्र बी फॉर्म, म्हणजे पक्षाचे अधिकृत उमेदवारीपत्र, फॉल-पिकोचे दुकान चालवणाऱ्या एका जुन्या कार्यकर्तीला देऊन टाकला होता. सगळे तिला अक्का म्हणत. दुपारी तीनला मुदत संपत होती. त्यापूर्वी अध्यक्षांनी तो सहीने रद्द केला, तर अक्कांची उमेदवारी संपत होती.

बाराला कॉफीवाल्याकडून खबर आली: साड्यांच्या एका बंद गोदामात सकाळपासून तिसऱ्यांदा कॉफी गेली होती.

गोदामाच्या पायरीवर अक्का किल्ली घेऊन बसल्या होत्या.

"आत कोण आहे?"

"अध्यक्ष आहेत की."

"कोंडून ठेवलंय त्यांना?"

"त्यांनीच सांगितलं, मॅडम. फोनपण काढून घ्या म्हणाले."

आरोपी असे सांगतातच. मी कुलूप काढायला लावले, तरी दार हलेना. कडी आतूनही लावलेली होती. अपहृत माणूस स्वतःला आतून बंद करून घेत नाही. तिथेच माझे गृहीतक बदलले.

"कोण?" आतून आवाज आला.

"पोलीस."

"अण्णांची गाडी आलीय का बरोबर?"

"नाही."

तेव्हा कुठे दार उघडले.

ठाण्यात अक्कांसमोर जबाब घेताना मी अध्यक्षांना विचारले, "धमकी कोणी दिली?"

"छे हो. अण्णा कधी आवाजसुद्धा चढवत नाहीत. माझ्या मुलीचं लग्न त्यांनी करून दिलं. गाडीत बसवतात, 'स्वल्प ॲडजस्ट करा', थोडं सांभाळून घ्या म्हणतात. मी 'सरी', बरं म्हणून उतरतो. समोर बसलो की नाही म्हणताच येत नाही, म्हणून कोंडून घेतलं."

"आणि मला 'पुढच्या वेळी, अक्का' सांगतात," अक्का म्हणाल्या. "तीन निवडणुका झाल्या."

दोन वाजता जबाब पूर्ण झाला. गुन्हा घडलेलाच नव्हता.

"इथंच तासभर बसू का?" अध्यक्षांनी हळूच विचारले.

"जबाब संपला. लपायला ठाणं नसतं, साहेब. तुम्ही मोकळे आहात."

बाहेर कारखानदारांची गाडी उभी होती. व्यवस्थापकांनी दार उघडून धरले. "चला, अण्णा वाट बघताहेत. एक सही फक्त."

अध्यक्ष गाडीपर्यंत गेले. अक्का ठाण्याच्या पायरीवरच थांबल्या. अध्यक्षांनी आतल्या सीटकडे पाहिले आणि दार स्वतःच्या हाताने लावले.

"अण्णांना सांगा, या वेळी नाही जमणार." मग मागे वळून म्हणाले, "अक्का, रिक्षा बघा."

अक्कांनी रिक्षा थांबवली आणि आधी भाड्यावरून घासाघीस केली.

त्या दिवसापर्यंत दबावाचा पुरावा मी धमकीत आणि जखमेत शोधत असे. उपकारांचा दबाव कोणत्याही कलमात बसत नाही आणि वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो, हे मला या प्रकरणाने शिकवले. तो झुगारल्यावर माणूस कसा दिसतो, तेही पाहायला मिळाले. रिक्षा वळेपर्यंत अध्यक्ष अक्कांना काहीतरी सांगत मोठ्याने हसत होते, आणि तीन वाजायला अजून पाऊण तास होता.