फोनोचं तिकीट एक पोर

शाळेच्या कोपऱ्यात खडूची भुकटी साठते ना, तसे मास्तरकीत किस्से साठतात. रोज झाडलं तरी उद्या पुन्हा थर! नोकरी सोडून मला किती वर्षं झाली, पण कुणी नुसतं "मास्तर, तुमच्या त्या वाडीचं काहीतरी सांगा" म्हटलं की भुकटी उडायला लागते. मग मला ठसका लागेपर्यंत मी काही थांबत नाही.

वाडी सांगवीपासून दोन कोसांवर, कालव्याच्या काठाला. तीस सालानंतरची ती वर्षं. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीत आणि मास्तर दोनच. हेडमास्तर आबा, मूळचे इंदापूरचे, पन्नाशीचे. दुसरा मी, नुकतंच मिसरूड फुटलेला.

पहिल्याच वर्षी बारामतीहून डेप्युटी साहेब तपासणीला आले. वाडीच्या भाषेत 'दिपोटी'. रजिस्टरात पोरं एक्केचाळीस आणि समोर बसलेली अठरा! बाकीची कुणी वांगी तोडायला, कुणी उसाला पाणी द्यायला. साहेबांनी रजिस्टर मिटलं. "पुढच्या वर्षी चाळीस डोकी दिसली नाहीत तर ही शाळा बंद. मुलं सांगवीला जातील."

कालवा ओलांडून दोन कोस! मुलगे गेलेही असते एक वेळ. पण आमच्या पटावर नऊ मुली होत्या, त्या कायमच्या घरी बसल्या असत्या. त्या रात्री आबा जेवले नाहीत.

त्या दिवशी जाताना साहेबांना अंगणात रोवलेली एक काठी आणि तिच्याभोवती मांडलेले दगड दिसले. "हे काय? शाळा आहे की जत्रा? असले नवे खेळ बंद करा आणि पट वाढवा!"

आबा म्हणाले, "होय साहेब." साहेबांचा टांगा वळणाआड गेला, तसे आबा अंगणात गेले आणि जरा कललेली ती काठी त्यांनी नीट सरळ केली!

*

ती काठी म्हणजे आमचं घड्याळ. काठीची सावली शेंदूर लावलेल्या दगडावर आली की मधली सुट्टी. एके दिवशी सुट्टी झाली, पोरं उधळली, पण मला काही भूक लागेना. बघतो तर दगड चांगला हातभर सरकलेला!

आबांनी सगळ्यांना उभं केलं. "दगड कुणी हलवला?" कोण बोलतंय! मग आबा म्हणाले, "बरं, कुठल्या बाजूला हलवला आणि त्याच बाजूला का, एवढं जो सांगेल त्याला शिक्षा नाही."

मागच्या रांगेतून पांडू उठला. "पच्चिमंकडं, गुर्जी. सकाळी सावली तितं आस्ती. सूर्व्य वर आला की ती हिकडं हिकडं येती. मंग दगुडच तिच्याकडं न्हेला की सुट्टी लवकर व्हती!"

आबा माझ्याकडं वळले. "मास्तर, माझा उद्याचा पाठ यानं आजच घेतला! द्या सुट्टी!"

*

दुसरा खेळ दोरीचा. गुंठे आणि एकर फळ्यावर पोरांच्या डोक्यात शिरेनात, म्हणून आबांनी तेहेतीस फुटांची दोरी केली. एक दोरी लांब, एक दोरी रुंद, झाला गुंठा. वरात निघाली थेट तात्यांच्या वावरात.

तात्या म्हणजे वाडीतले मोठे बागायतदार. देवळाची ओसरी शाळेला मिळाली ती त्यांच्या शब्दावर. त्यांची नात सगुणा आणि तिचा भाऊ आमच्याकडंच शिकायला. तात्या कौतुकानं बांधावर उभे राहिले. "मोजा, मोजा! बरोबर एक एकर हाय."

पोरांनी मोजलं, सगुणानं पाटीवर मांडलं, दोनदा ताळा केला. चाळीस गुंठ्यांचा एकर, तात्यांचा एकर त्रेचाळीस गुंठ्यांचा भरला!

पलीकडच्या बांधावर शेजारी उभा होता. तो नुसता खाकरला.

तात्या लालबुंद झाले. "मास्तर, गणित शाळंत करा! बांधावर गणित केलं की कोरटात जावं लागतं!"

दुसऱ्या दिवशी सगुणा आली नाही. तिचा भाऊ आला नाही, आणि तात्यांच्या भावकीतली आणखी आठ पोरंही आली नाहीत. गणित बरोबर आलं आणि पट गेला. मी आबांवर चिडलो होतो, खोटं कशाला सांगू! तर ते म्हणतात कसे, "अहो, पण पोरीनं ताळा काय सुरेख केला!"

*

भिंगाचा किस्सा माझ्या अंगावरचा, म्हणून थोडक्यात आटोपतो. आबांनी भिंगातून उन्हाचा ठिपका पाडून वाळलेलं पाचट पेटवून दाखवलं, ते का पेटलं ते मी समजावलं. दुपारी मी झाडाखाली डुलकी घेत होतो, तो डोक्याला चटका! नव्या कोऱ्या टोपीला रुपयाएवढं भोक!

मी पांडूचा कान धरला. तो कळवळून म्हणाला, "गुर्जी, काळं लवकर पेटतं, आसं तुमीच सकाळी सांगितलं. आबा गुर्जींची टोपी पांढरी हाय!"

*

पट एकतीसवर आला तेव्हा आबा इंदापूरला गेले आणि एका दोस्ताकडून त्यांनी ग्रामोफोन मागून आणला. चावीचा, पितळी कर्ण्याचा. वाडीनं त्याचं नाव ठेवलं फोनो. रेकॉर्ड एकच. एका बाजूला प्रार्थना, दुसऱ्या बाजूला बँड.

पहिल्या दिवशी सगळी वाडी ओसरीखाली लोटली. प्रार्थना संपल्यावर काशीआजी काठी टेकत पुढं आली आणि तिनं फोनोपुढं भाकरी आणि ठेचा ठेवला. मी शहाणा, हसत म्हणालो, "आजी, आत कुणी बसलेलं नाही!"

"मला काय येड लागलंय व्हय?" आजी म्हणाली. "पर गाणाऱ्याच्या म्होरं काय ठेवल्याबिगर गाणं फुकाट ऐकू न्हाय. खा तुमी दोगं. तुमीच रोज कोरडं खाताया, ठावं हाय मला."

भाकरी आम्ही खाल्ली. ठेचा तिखट होता, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते काही सगळंच ठेच्याचं नव्हतं.

*

बँडवर आबा ड्रिल घेत. पण चावी उतरत आली की बँड म्हातारा व्हायचा आणि त्याच्याबरोबर पोरंही! हात सावकाश वर, पाय सावकाश खाली. एकदा ऐन मध्ये बँड पार थांबला. एकतीस पोरं, सगळी एका पायावर! मी चावी द्यायला धावलो, तर चावी सापडेना.

शेवटी पांडू एका पायावर डुलत ओरडला, "गुर्जी, चावी द्या न्हायतर पाय तरी खाली घ्या म्हना!"

*

आता तात्यांचं. राग तर सोडवत नव्हता, पण प्रार्थना लागली की देवळाच्या मागच्या भिंतीला तात्यांचा पटका दिसायचा. आबांनी चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी ओसरीवर पाटी लावली. 'फोनो ऐकण्याचे तिकीट : एक पोर.'

ज्याला ऐकायचं त्यानं शाळेत एक पोर आणून बसवायचं! आयाबाया पोरांना बखोटीला धरून आणायला लागल्या. वांग्यांच्या तोडणीची वेळसुद्धा बदलली. आणि एका सकाळी तात्या आले. एका हाताला सगुणा, दुसऱ्या हाताला तिचा भाऊ, मागं भावकीतली आठ.

बसताना गुरकावले, "धा आणल्यात! प्रार्थना धा येळा लावा!"

आबा आत जाऊन हसले की रडले ते मी पाहिलं नाही. पण बराच वेळ बाहेर आले नाहीत.

*

त्या रेकॉर्डला एक चरा होता. 'वाट दाखवी नाथा' ही ओळ आली की सुई अडकायची. "वाट दाखवी, वाट दाखवी, वाट दाखवी..." मग पेटीवर दोन टिचक्या मारल्या की गाणं पुढं सरकायचं. टिचक्या मारायचं काम आबांनी सगुणाला दिलं. ती आपल्या जागेवरून उठायची, ठक् ठक् करायची आणि ऐटीत परत येऊन बसायची. कित्येक महिने रोज हेच. आमच्या कानांना त्याची इतकी सवय झाली की त्यात काही वावगं आहे हेच आम्ही विसरलो.

साहेब यायच्या आदल्या दिवशी आबांनी काठी उपटली, दोरी गुंडाळली आणि फोनो तात्यांच्या घरी मोठ्या टोपलीखाली झाकून ठेवला. पोरांना सक्त ताकीद दिली, "उद्या काही झालं तरी जागचं कुणी हलायचं नाही!"

साहेब आले. त्यांनी बोट नाचवत डोकी मोजली. बेचाळीस! पुन्हा मोजली. बेचाळीसच. कोपऱ्यात तात्या मिशीला पीळ देत उभे होते. साहेब खुर्चीवर बसले, हातातली छडी मांडीवर आडवी ठेवली. "प्रार्थना होऊ द्या."

पोरांनी काय सूर लावला म्हणून सांगू! साहेबांनी डोळे मिटले. आबांनी माझ्याकडं बघून मान डोलावली. आणि बेचाळीस गळे एकदम म्हणाले,

"वाट दाखवी, वाट दाखवी, वाट दाखवी, वाट दाखवी..."

आबांचा चेहरा खडूसारखा पांढरा. मी खुणा करतोय, पण पोरं मास्तरांकडं बघायला तयार नाहीत, सगळी सगुणाकडं बघतायत. आणि सगुणा आबांकडं! पोरीच्या डोळ्यांत पाणी तरारलेलं, हात शिवशिवतायत, पण ताकीद म्हणजे ताकीद. ती जागची हलेना.

"वाट दाखवी, वाट दाखवी..."

साहेबांनी डोळे उघडले. पोरांकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. मग मांडीवरची छडी उचलली आणि तिच्या टोकानं टेबलावर दोनदा मारलं. ठक् ठक्.

"...नाथा!" पोरं पुढं सरकली आणि प्रार्थना सुरेख पुरी झाली.

साहेबांनी शेरेबुकात दोन ओळी लिहिल्या आणि बुक मिटलं. आम्ही दोघं हात जोडून टांग्यापर्यंत गेलो. शेरा काय ते विचारायचा आबांना धीर होईना.

टांगा हलला. साहेबांनी मागं वळून हाक मारली,

"मास्तर, पुढच्या वर्षी येईन तेव्हा सुई बदललेली पाहिजे!"